आधी तिच्याच इंजिनावर चालव

तुझं पत्र काल दोनदा वाचलं, आज गॅरेजमध्ये उभ्या उभ्या तिसऱ्यांदा वाचलं. चार पानं आहेत, आणि त्यातली साडेतीन कुठलं इंजिन बसवावं यावर. एक मित्र म्हणतो एल.एस. व्ही-एट टाक, म्हणजे जनरल मोटर्सचं आठ सिलिंडरचं इंजिन, दुसरा जपानी टर्बोचं गुणगान गातो, तिसऱ्याला इलेक्ट्रिक मोटर हवी आहे. गाडीबद्दल मात्र दोन ओळी: पोर्शे ९४४ आहे, ऐंशीच्या दशकातली जर्मन स्पोर्ट्स गाडी, कित्येक वर्षं जागची हललेली नाही, विकणारा म्हणतो बेल्ट तुटला आणि इंजिन गेलं.

बेल्ट तुटला हे त्याला दिसलं असेल. इंजिन गेलं हे कोणी बघितलं?

तुला जुन्या गाड्यांचं वेड आहे आणि हात काळे करायची तयारी आहे, हे मी धरूनच चालतो. त्याबद्दल शाबासकी देत बसत नाही. तू मला विचारलंस कुठलं इंजिन, आणि मी त्याचं उत्तर देणार नाही. कारण ते विचारायची वेळच अजून आलेली नाही. ती गाडी आधी तिच्याच इंजिनावर चालव. धूर सोडत, खोकत, कशीही चालू दे, पण स्वतःच्या इंजिनावर, स्वतःच्या चाकांवर, रस्त्यावर. त्यानंतर मला इंजिनाचं विचार.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. माझी पहिली गाडी एमजीबी, छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, उघड्या टपाची, आऱ्यांच्या चाकांची. घेतली तेव्हा तिच्यात तीन खोड्या होत्या. गर्दीत अडकली की तापायची. ऐंशीच्या वर गेली की अंगभर थरथरायची. आणि ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मागून ‘ठक्क’ असा आवाज यायचा. तिन्ही खोड्या मी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या माथी मारल्या. १.८ लिटरचं जुनं बिडाचं इंजिन, थकलं असणार, असं ठरवून टाकलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून बघितलं नाही, कारण मनात व्ही-एट आधीच बसलं होतं. दोन दिवसांत इंजिन उतरवलं आणि भंगारात वजनावर दिलं.

दीड वर्षानं व्ही-एट सुरू झालं. त्या दिवशी मी पहिल्यांदा ॲक्सिलरेटर सोडला, पुन्हा दाबला, आणि मागून आवाज आला: ठक्क.

मी गाडी कडेला घेतली, मागचं चाक काढलं आणि हबवरच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. एमजीबीची आऱ्यांची चाकं नटांवर बसत नाहीत, हबला उभे दाते असतात आणि चाक त्यांच्यावर सरकवून मधला एकच मोठा नट आवळतात. ते दाते वरून चपटे असायला हवेत. माझे करवतीच्या पात्यासारखे धारदार झाले होते. प्रत्येक वेळी जोर बदलला की चाक त्या दात्यांवर थोडं पुढेमागे आपटायचं. थरथरही त्याच चाकाची निघाली, अर्धे आरे सैल होते. आणि तापण्याचं म्हणशील, तर जुना रेडिएटर कोपऱ्यात पडला होता तो नंतर कुणाला तरी द्यायचा म्हणून धुवायला घेतला. वरून पाणी ओतलं, खालून थेंब थेंब आलं. आतल्या नळ्या गाळानं भरलेल्या.

म्हणजे तीन खोड्यांपैकी एकही इंजिनाची नव्हती. ते इंजिन कसं होतं हे मला आजही माहीत नाही आणि आता कधीच कळणार नाही. कदाचित उत्तम असेल. ते वितळून त्याचं दुसरंच काहीतरी झालं असेल. ही गोष्ट मला इतक्या वर्षांनीही लागते.

म्हणून सांगतो, आधी तिच्याच इंजिनावर चालव. गाडी चालती असते तेव्हा ती बोलते. मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल कण्हतं, ब्रेक एका बाजूला ओढतो, स्टिअरिंगला सैलपणा असतो, तिसरा गिअर कुरकुरतो. हे सगळं तुला इंजिन बदलण्याआधी वहीत लिहून ठेवता येतं. मग नवीन इंजिन बसल्यावर जो आवाज नव्यानं आला, तो तुझ्या हातचा, आणि जो आधीपासून होता तो तिचा. हा हिशेब हातात नसेल तर प्रत्येक आवाजापाशी तू आठवडा घालवशील.

९४४ला तर हे दुपटीनं लागू आहे. तिचं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, डिफरन्शियलला जोडून. मध्ये एक लांब नळी, टॉर्क ट्यूब, आणि तिच्यात बेअरिंगवर फिरणारा शाफ्ट. वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जातं ते यामुळेच, आणि ती गाडी वळणावर जशी जाते तशी जाते तीही यामुळेच. पण त्या ट्यूबची बेअरिंगं जुनी झाली की घरघरतात. मूळ क्लच प्लेटच्या मधोमध रबर असतं, ते वयानं तुकडे होऊन सुटतं. आता विचार कर, तू न चालवताच एल.एस. बसवलंस, ते या गाडीला जोडणारी ॲडॅप्टर प्लेट लावलीस आणि गाडी सुरू केल्यावर खालून घरघर आली. ती बेअरिंगची की तुझी ॲडॅप्टर प्लेट मध्यावर बसली नाही म्हणून? शोधायचं म्हणजे सायलेन्सर पाइप उतरवायचा, मागचा गिअरबॉक्स उतरवायचा, टॉर्क ट्यूब मागे ओढायची. या गाडीत क्लचपर्यंत पोचायला एवढं करावंच लागतं. हे काम एकदा करताना माणूस शिकतो. तेच तिसऱ्यांदा करायची पाळी आली की गाडीच नको होते.

बरं, इंजिन गेलंय म्हणतात त्याचं काय. ९४४चं अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन असं आहे की टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह वाकतात. शेजारी बॅलन्स शाफ्टचा दुसरा बेल्ट असतो, कधी कधी तो आधी तुटतो आणि टायमिंगच्या बेल्टला घेऊन जातो. बाहेरच्याला दिसतं ते एवढंच की गाडी बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली नाही. पण बेल्ट तुटलेलं इंजिन बऱ्याचदा फक्त हेडपुरतं, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागापुरतं, गेलेलं असतं. तुझ्या गाडीत व्हॉल्व्ह आठच आहेत. खालचा ब्लॉक, क्रँक, बेअरिंगं शाबूत असू शकतात.

हे असं तपास. सेल्फ अजिबात मारू नकोस. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, रात्रभर राहू दे. पुढचं कव्हर काढ. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या खालच्या शाफ्टच्या, बोल्टवर पाना लाव आणि हातानं, सावकाश फिरव. अडलं तर जोर करू नकोस, तिथेच थांब. क्रँक वरच्या खुणेपासून पाव फेरा फिरवलास की चारही पिस्टन मध्यावर येतात, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम निर्धास्तपणे त्याच्या खुणेवर आणता येतो. मग क्रँक परत वरच्या खुणेवर आण आणि तात्पुरता नवा बेल्ट चढव. आता प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात त्या वेळी, वर आणून प्लगच्या भोकातून हवा भर आणि कान दे. सायलेन्सरमधून हवा फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून जास्त येत असेल तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा हेड. बारीक कॅमेरा मिळाला तर प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथा बघ. व्हॉल्व्ह आपटला असेल तर तिथे चंद्रकोरीसारखी खूण दिसते.

एका दिवसाचं काम आहे हे. चार पानं लिहायला तुला याहून जास्त वेळ लागला असेल.

पत्र्याबद्दल थोडक्यात, कारण ते गाडी घेण्याआधीचं आहे आणि तिथे तू घाई करणार नाहीस अशी आशा आहे. या गाड्यांचा पत्रा जस्ताचा लेप दिलेला होता, म्हणून त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा तग धरतात. तरी लोहचुंबक सुती कापडात गुंडाळून सगळीकडे फिरव, जिथे पकडणार नाही तिथे पुट्टी आहे. बॅटरी काचेच्या पायथ्याशी एका खोबणीत बसते, तिच्याखाली ॲसिडनं पत्रा खाल्लेला असतो आणि तिथून पाणी आत झिरपतं. दारांखालचे सिल गुडघ्यावर बसून, टॉर्च लावून बघ. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, त्या मीटरमधला प्लॅस्टिकचा बारीक गिअर तुटतो आणि आकडा आहे तिथे थांबतो. टायरच्या कडेवरच्या DOT नंबराचे शेवटचे चार आकडे वाच, २३०९ असेल तर टायर २००९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कागदपत्रं आणि चॅसी नंबर जुळत नसतील तर तिथूनच परत फिर.

आता तुझ्या मनात काय चाललंय ते मला माहीत आहे. हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, गॅसकेट टाका, पेट्रोलची टाकी धुवा, ब्रेकचे सगळे रबरी पाइप बदला, आणि हे सगळं त्या इंजिनासाठी जे शेवटी काढूनच टाकायचंय? हो, त्याच्याचसाठी. यातलं टाकी, ब्रेक, कूलिंग, क्लच हे सगळं काम व्ही-एटलाही लागणारच आहे, ते वाया जात नाही. उरलं हेड. ते काम तू शिकशील, आणि ज्यानं साधं चार सिलिंडरचं हेड बसवलं नाही त्यानं परक्या गाडीत परकं इंजिन बसवायच्या गोष्टी करू नयेत. हे तुला लागेल, पण लागू दे.

आणि समजा ब्लॉकच फुटलेला निघाला, रॉड बाहेर आलेला असला, तर? तरीही माझं म्हणणं तेच. त्याच जातीचं चालतं इंजिन शोध, ते बसव, एक ऋतू चालव. लोक मला हट्टी म्हणतात. माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या किती जणांनी या एका वाक्यावरून माझ्याशी वाद घातला आणि किती जण नंतर ट्रेलरवर गाडी घेऊन आले, हे मी मोजत बसत नाही.

मी इंजिन बदलण्याच्या विरोधात आहे असं मात्र समजू नकोस. माझ्या एमजीबीत आजही व्ही-एट आहे आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. ते इंजिन मुळात अमेरिकेतलं, १९६१चं ब्यूक, सगळं ॲल्युमिनियमचं. पुढे रोव्हरनं ते घेतलं. आठ सिलिंडर असूनही बिडाच्या चारपेक्षा फार जड नाही. खुद्द कारखान्यानं १९७३ ते १९७६ या काळात बंद टपाच्या एमजीबीत तेच इंजिन घालून गाड्या विकल्या. तेव्हा कुणी मला म्हणालं की तू गाडी भ्रष्ट केलीस, तर मी ऐकून घेत नाही. माझा गुन्हा व्ही-एट बसवण्याचा नव्हता. जुन्या इंजिनाला न विचारता ते काढलं, हा होता. या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवतो आणि तूही ठेव.

एल.एस.चं कौतुक मलाही आहे. १९९७च्या कॉर्व्हेटमधून आलेलं पहिलं ५.७ लिटरचं, एकच कॅमशाफ्ट आणि तोही ब्लॉकमध्ये, म्हणून वरून अरुंद, छोट्या बोनेटखाली मावतं. पण आकडे बघ. तुझ्या ९४४चा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०५ न्यूटन-मीटर, त्या इंजिनाचा ४७५च्या आसपास. दुपटीहून जास्त. तो सगळा त्याच ट्यूबमधून, त्याच गिअरबॉक्समधून, त्याच अर्ध-शाफ्टमधून जाणार. ज्या गाडीचा गिअरबॉक्स २०५वर कसा वागतो हे तुला माहीत नाही, त्यात तू ४७५ ओतायला निघालीस. शिवाय ऑइल पॅन खालच्या आडव्या पट्टीला, क्रॉसमेंबरला, लागतो का, धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या शाफ्टला चिकटतो का, पेट्रोलचा दाब त्या इंजिनाला लागतो तेवढा, चार बारच्या घरात, मिळतो का, जुन्या वायरिंगशी इंजिन चालवणारा नवा कॉम्प्युटर, ई.सी.यू., जमतो का. माझ्या गाडीत स्टिअरिंगचा शाफ्ट मॅनिफोल्डपासून बोटभर अंतरावर आणायला मला तीन महिने लागले. हे सगळे प्रश्न खरे आहेत आणि आपण ते एकेक करून सोडवू. पण चालत्या गाडीवर.

एक शेवटचं दुखणं, आणि मग थांबतो. एमजीबीनंतर मी एक ट्रायम्फ स्पिटफायर घेतली होती. चालत होती, बरी चालत होती. सगळं नीट करायचं म्हणून शेवटच्या बोल्टपर्यंत खोलली. डबे भरले, डब्यांवर नावं लिहिली. सहा वर्षं ते डबे तसेच राहिले आणि सातव्या वर्षी मी ती डब्यांतच विकली. घेणारा डबे गाडीत चढवत होता तेव्हा त्यानं विचारलं, ही चालवायला कशी होती? मला धड आठवेना. म्हणून तुझी खोलू नकोस. लागेल तेवढंच खोल, तेवढं जोड, आणि पुन्हा चाकांवर ठेव.

या रविवारी पाना घेऊन गाडीपाशी जा. क्रँकचा बोल्ट, नवा बेल्ट, हवेचा पंप, आणि एक वही. चारही सिलिंडरमधून हवा कुठून निघते ते लिही आणि मला पाठव. इंजिनाचं आपण त्यानंतर बोलू.