पोटातल्या बाळात रक्ताच्या स्टेम सेल कशा बनतात?

प्रश्न: माझ्या भाचीला थॅलेसेमिया आहे. डॉक्टर बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवतायत पण घरात कुणाचंच पूर्ण मॅच होत नाहीये. पोटातल्या बाळात रक्ताच्या स्टेम सेल आपल्या आपण तयार होतात ना, मग त्याच लॅबमध्ये का नाही बनवत?
– एक मावशी, नाशिक

उत्तर: ताई, रक्ताच्या स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं त्या मूळ पेशी. त्या आपल्या आपण होत नाहीत, त्यांना आजूबाजूच्या पेशींकडून सिग्नल यावे लागतात आणि तेही नेमक्या वेळी. बाळाचं अगदी पहिलं रक्त बनतं योक सॅकमध्ये, म्हणजे गर्भाला जोडलेल्या छोट्या पिशवीत, पण ते तात्पुरतं. आयुष्यभर पुरणाऱ्या स्टेम सेल येतात गर्भ धरल्यावर साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात, तेव्हा बोन मॅरोचा पत्ताही नसतो, आणि येतात कुठून तर एओर्टा म्हणजे मुख्य धमनीच्या आतल्या भिंतीतून! भिंतीतलीच पेशी गोल होते, सुटते आणि रक्तात जाते. झेब्राफिश या छोट्या माशाचा गर्भ पारदर्शक असतो ना, त्यात 2010 मध्ये हे मायक्रोस्कोपखाली घडताना थेट बघितलंय.

आता सिग्नल. नॉच नावाचा सिग्नल शेजारची पेशी चिकटून देते, मग रनएक्स-1 हा जीन चालू होतो, तो नसेल तर या स्टेम सेल बनतच नाहीत. 2007 मध्ये बॉस्टनला लेनर्ड झॉन या शास्त्रज्ञांच्या टीमने झेब्राफिशच्या गर्भांवर हजारो केमिकल तपासली तेव्हा प्रोस्टाग्लँडिन ई-2 सापडलं, म्हणजे आपल्याला ताप आला, सूज आली की वाढतं तेच. ते दिलं की स्टेम सेल वाढल्या, आणि इंडोमेथासिनसारख्या पेनकिलरने ते बनणं थांबवलं की कमी झाल्या.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते 2009 चं काम. ज्या माशांचं हृदय जन्मतःच धडधडत नाही त्यांच्यात या स्टेम सेल फारच कमी बनतात, कारण वाहतं रक्त भिंतीला घासतं त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि तोही एक सिग्नलच, मग शास्त्रज्ञांनी नायट्रिक ऑक्साइड सोडणारं केमिकल बाहेरून दिलं तर धडधड नसतानाही स्टेम सेल बऱ्याच वाढल्या. म्हणजे बाळाचं हृदय नुसतं रक्त फिरवत नाही, पुढचं रक्त बनवायलाही मदत करतं.

हे सगळं डिशमध्ये त्याच क्रमाने जुळवायचं म्हणून इतकी वर्षं लागली. 2024 मध्ये मेलबर्नच्या मर्डोक चिल्ड्रन्स रिसर्च इन्स्टिट्यूटने माणसाच्या पेशींना टप्प्याटप्प्याने सिग्नल देऊन अशा स्टेम सेल बनवल्या आणि त्या उंदरांच्या बोन मॅरोत रुजल्या. पण पेशंटपर्यंत यायला अजून वेळ आहे, त्यामुळे भाचीसाठी त्याची वाट बघत थांबू नका. बाहेरच्या डोनरसाठी दात्रीसारख्या रजिस्ट्रीत शोध घ्यायला सांगा आणि हाफ मॅच ट्रान्सप्लांट तिला चालेल का तेही डॉक्टरांना नक्की विचारा, आई-बाबांचं अर्धं मॅच असतंच.