सर गेले, आता मंडळाचं काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

हौशी संशोधन मंडळांकडून आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पत्रं लांब होती, मुद्द्यापुरती ठेवली आहेत.

प्रश्न : आमचं नऊ जणांचं मंडळ गावोगावच्या वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची) आणि शिलालेखांची नोंद करतं. आमचे सर गेल्या महिन्यात वारले. ठसे (शिलालेखांवर कागद दाबून शाईने घेतलेल्या प्रती), वह्या, कॉम्प्युटर, हार्ड डिस्क सगळं त्यांच्या घरी आहे. काकू म्हणतात, घेऊन जा. दिवाळीच्या आत घर रिकामं करायचं आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : रविवारी टेम्पो आणून सगळं एकदम उचलू नका. आधी प्रत्येक कपाटाचे, कप्प्याचे आणि गठ्ठ्याचे, आहेत तसे, फोटो काढा. सरांनी काय कशाशेजारी ठेवलं होतं, हीसुद्धा माहितीच आहे. वहीत नुसतं ‘ठसा ४७, मागील पाहा’ एवढंच लिहिलेलं असतं. तो ४७ कुठल्या गावचा, हे बहुतेक वेळा शेजारच्या गठ्ठ्यावरूनच कळतं. उत्साही मंडळी पहिल्याच दिवशी ‘गाववार लावून टाकू’ म्हणतात आणि हा दुवा कायमचा तुटतो. गाववार यादी कागदावर करा, वस्तू मूळ क्रमातच राहू द्या.

मोजदाद घरच्यांपैकी कोणीतरी समोर असताना करा. एकाने वस्तू उचलून सांगायची, दुसऱ्याने लिहायची. यादीत अनुक्रमांक, वस्तू, कुठल्या कप्प्यात होती आणि अवस्था एवढे रकाने पुरतात. यादीच्या तीन प्रती काढून तिन्हींवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. सरांची स्वतःची पुस्तकं आणि मंडळाच्या वर्गणीतून घेतलेल्या वस्तू तिथेच वेगळ्या लिहा. आज काकू ‘घेऊन जा’ म्हणतात. चार वर्षांनी नातवंडांनी विचारलं तर दाखवायला कागद हवा.

ठशांची शाई बहुधा काजळी आणि डिंकाची असते आणि ती पाण्याला विरघळते. ओल्या फडक्याने पुसलेला ठसा गेलाच म्हणून समजा. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका. क्रमांक ठशाच्या मागच्या बाजूला, समासात, पेन्सिलने घाला. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. घड्या घातलेले ठसे जबरदस्तीने ताणू नका. निदान तीन-चार इंच व्यासाच्या नळीवर सैल गुंडाळा आणि वरून खळ काढलेलं, धुतलेलं मलमल लपेटा. कापडात खळ राहिली तर कसर लागते. सेलोटेप, रबरबँड आणि लॅमिनेशन यांना हात लावू नका. लॅमिनेशन करायची सूचना हमखास येते, ती ऐकू नका; एकदा केलं की कागद सोडवता येत नाही. कपाट लोखंडी असावं आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावं. जमिनीलगतचा कप्पा रिकामा सोडा. पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. ठसे गमावण्यापेक्षा हजार रुपयांच्या आतला आर्द्रतामापक स्वस्त पडतो.

कॉम्प्युटर फॉरमॅट करून काकूंना परत द्यायची घाई करू नका. जुने लेख बहुधा श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. दुसऱ्या मशीनवर उघडले की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. म्हणून सरांच्याच मशीनवर, फॉन्ट शाबूत असताना, प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. युनिकोडमध्ये बदलण्याचं काम त्यानंतरचं. बदलताना रफार, ‘ऱ्य’, जोडाक्षरं आणि आकडे बिघडतात, तेव्हा पीडीएफ शेजारी ठेवूनच तपासा. मूळ फाइलीही ठेवा. हार्ड डिस्कवर काही दुरुस्ती, साफसफाई करण्याआधी तिची पूर्ण प्रत काढा. सगळ्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी.

फोटोंच्या बाबतीत एक गोष्ट हमखास चुकते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली जागेची नोंद निघून जाते. तेव्हा ग्रुपवरचे फोटो जमवून संग्रह होत नाही. ज्याने काढले त्याच्या फोनमधले किंवा कार्डावरचे मूळ फोटो केबलने उतरवून घ्या.

सरांचं सिम चालू आहे ना, हे आजच विचारा. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला जातो. मंडळाच्या मेलचा ओटीपी त्याच नंबरवर येत असेल तर दार बंद. नंबर वारसाच्या नावावर करून घ्यायला घरच्यांना सांगा. गूगल खातं दोन वर्षं वापरलं नाही तर कंपनी ते पुसू शकते. मृताच्या खात्यातला मजकूर मिळावा म्हणून जवळचे नातेवाईक गूगलकडे अर्ज करू शकतात. पासवर्ड मात्र मिळत नाही.

प्रश्न : वर्गणीचे पैसे सरांच्या बचत खात्यात होते. एटीएम कार्ड आमच्या खजिनदाराकडे आहे. काढून घेतले तर?
– त्याच मंडळातून दुसरं पत्र

उत्तर : काढू नका. खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड किंवा यूपीआय वापरणं, पैसे खरोखर तुमचे असले तरी, अंगाशी येतं. कागदोपत्री ती रक्कम सरांची आहे. बँक ती नामनिर्देशित व्यक्तीला देईल. ती व्यक्तीही वारसांच्या वतीने रक्कम सांभाळणारीच असते, मालक होत नाही. तेव्हा वर्गणीची पावतीपुस्तकं आणि खातेउतारा समोर ठेवून मंडळाची रक्कम किती, याचं एक पान तयार करा. वारसांची त्यावर सही घ्या. दावा निकाली निघाल्यावर त्यांनी ती रक्कम चेकने मंडळाला द्यावी.

चेक कोणाच्या नावाने, हा पुढचा पेच. इथे नोंदणी लागते. किमान सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणून, १९५० च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. घटना कुठून तरी उतरवून काढू नका. त्यातली ‘संस्थापक अध्यक्ष तहहयात राहतील’ ही ओळ तर आधी खोडा. बँक खात्यावर तीनपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या ठेवा. दोघेच सही करणारे असले आणि त्यातला एक गेला की खातं पुन्हा अडकतं.

प्रश्न : आमची संस्था नोंदणीकृत आहे. अध्यक्ष वारल्यावर दोन गटांनी वेगवेगळ्या सभा घेऊन वेगवेगळी कार्यकारिणी निवडली. खरी कोणती? आणि सरांसारखी मोडी वाचणारं आता कोणीच नाही, मग अध्यक्ष तरी कोणाला करायचं?
– सचिव, एक इतिहास मंडळ

उत्तर : विश्वस्तांत, म्हणजे इथे कार्यकारिणीत, बदल झाला की ९० दिवसांत १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते. दोन्ही गटांनी अर्ज केले तर उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त चौकशी करून ठरवतात. त्यात कोण विद्वान, सरांचा लाडका कोण, हे कोणी पाहत नाही. सभेची सूचना घटनेप्रमाणे किती दिवस आधी निघाली, ती प्रत्येक सभासदाला मिळाल्याचा पुरावा आहे का, गणपूर्ती होती का, सभासद यादी कुठली धरली, इतिवृत्त त्याच नोंदवहीत आहे का, हे पाहिलं जातं. बहुतेक अर्ज सूचनेच्या मुद्द्यावरच आपटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या पाचला जमूया’ ही सूचना नव्हे. प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं आणि तोवर बँक दोन्ही गटांना खात्याला हात लावू देत नाही. आमचं मत विचाराल तर दोन्ही अर्ज रेटत बसण्यापेक्षा, दोघांना मान्य असलेल्या यादीवर रीतसर सूचना काढून एकच सभा घ्या. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सूचनेची प्रत, ठराव आणि नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं जोडा.

आता दुसरा भाग. ‘पुढचे सर’ शोधण्यातच बरीच मंडळं संपतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं (अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवण्याचं) काम पाहा. काम १९१९ मध्ये सुरू झालं. वि. स. सुखठणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले आणि १९४३ मध्ये, काम अर्ध्यावर असताना, वारले. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी ते नेलं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. तिथे पगारी माणसं होती, संस्था होती, हे खरं. पण सुखठणकरांनी पाठ निवडण्याचे नियम आणि त्यामागची कारणं १९३३ मध्येच छापून ठेवली होती. पोथ्यांतले पाठभेद कोणाच्या डोक्यात नव्हते, तक्त्यांवर उतरवलेले होते.

तुमच्याकडे सरांनी असं काही लिहून ठेवलं नसेल तर त्यांच्या वाचनांवरून मागे जाऊन नियम काढावे लागतील. अध्यक्ष सभा चालवणारा असला तरी पुरे. वाचन, संग्रह, हिशेब आणि दौरे चार जणांकडे द्या आणि मुदत दोन वर्षांची ठेवा. प्रत्येक शिलालेख दोघांनी एकमेकांचं न बघता वाचावा. शंकास्पद अक्षर चौकटी कंसात लिहावं. जुळलं नाही तर दोन्ही वाचनं ठेवावीत. सरांची जुनी वाचनंही अशीच तपासा, त्यात त्यांचा अपमान नाही. शिलालेखातल्या वर्षासाठी एक सोपी कसोटी आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागलं की बाकी म्हणजे संवत्सराचा (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावाचा) क्रमांक, प्रभव पहिला. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शके १९४५ घ्या : १९५७ ला ६० ने भागल्यावर ३७ उरतात, म्हणजे शोभन. वाचलेलं वर्ष आणि लेखातलं संवत्सर यांत एकाचा फरक असेल तर तो गत (सरलेलं) आणि वर्तमान (चालू) वर्ष मोजण्याच्या पद्धतीचा असू शकतो. चार-पाचाचा असेल तर आकडा चुकीचा वाचला गेला आहे, पुन्हा दगडापाशी जावं. मोडीचं शिक्षण मात्र बाहेरूनच घ्यावं लागेल.

प्रश्न : सरांचं अप्रकाशित हस्तलिखित आम्ही छापू शकतो का? आणि मंडळ बंदच करायचं झालं तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हस्तलिखित कपाटात आहे म्हणून हक्क मंडळाचा होत नाही. मृत्युपत्राने दिलं नसेल तर लेखनाचा हक्क वारसांकडे जातो. तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. लेखन मृत्यूनंतर प्रथम छापलं गेलं तर साठ वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. वारसांकडून लेखी, सहीनिशी हस्तांतर घ्या. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. ई-पुस्तक काढायचं असेल तर हे दोन्ही रकाने रिकामे सोडू नका. सभासदांनी केलेली वाचनं त्यात असतील तर त्यांची नावं त्या त्या पानावर द्या, प्रस्तावनेतले आभार पुरेसे नाहीत.

बंद करणं हा पराभव नव्हे. नोंदणीकृत संस्था विसर्जित करायला तीन-पंचमांश सभासदांचं मत लागतं. उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. त्यामुळे घेणारी संस्था आधी ठरवा. इतिहासाचे कागद असतील तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ किंवा जवळच्या विद्यापीठाचा विभाग यांना विचारता येईल. गठ्ठे नेऊन दारात ठेवू नका. यादी आधी पाठवा, त्यांना काय हवं ते त्यांनी सांगू द्या आणि बाकीच्यासाठी दुसरी जागा शोधा. दानपत्रात अभ्यासकांना पाहू देण्याची अट आणि ‘पुढे द्यायचं झाल्यास आधी कळवावं’ ही अट घाला. संग्रहात जुनी शिल्पं किंवा सचित्र पोथ्या असल्या तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली त्यांची नोंद झाली आहे का ते पाहा. ताबा बदलताना नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं.