पडदा भरण्याच्या हट्टापायी सिनेमा कापू नका

‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ या नाचगाण्यांच्या सिनेमाच्या दोन प्रती तुम्हाला मिळाल्यात, एक पडदा भरून दिसते, दुसरीला वर-खाली काळ्या पट्ट्या, आणि तुमच्या चित्रपट मंडळातल्या लोकांना पट्ट्या नकोत. शिवाय मागच्या वेळी ‘कॅसाब्लांका’त सगळ्यांचे चेहरे फुगलेले दिसले आणि सभागृहवाले प्रोजेक्टरला हात लावू देत नाहीत. तुमची ही पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण आमच्या मंडळानेही हेच सगळं भोगलंय. केबल, स्पीकर, अंधार करणं वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

आधी ‘कॅसाब्लांका’. हा सिनेमा १९४२चा. हॉलिवूडच्या अकादमीने १९३२ साली चौकटीचं प्रमाण (रुंदी:उंची) १.३७:१ ठरवलं आणि १९५३पर्यंत जवळपास सगळा धंदा त्याच चौकटीत चालला. आजचा प्रोजेक्टर मात्र १६:९ म्हणजे १.७८:१चा. १०८० ओळींच्या चित्रात जुनी चौकट १४८० पिक्सेल रुंद बसते आणि डाव्या-उजव्या बाजूला २२०-२२० पिक्सेल काळे उरतात. ते उरलेच पाहिजेत. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘फुल’ करून ताणलंत की नायिका इन्ग्रिड बर्गमनचा चेहरा ३० टक्के रुंद होतो, तुमच्याकडे झालं ते हेच. ‘झूम’ केलंत तर चेहरा ठीक दिसेल, पण वरून-खालून मिळून २३ टक्के चित्र गायब. त्या काळच्या कृष्णधवल सिनेमात छत, सावल्या, टोपीची कड हे सगळं मोजूनमापून ठेवलेलं असतं. माझ्या मते झूम हा ताणण्यापेक्षाही वाईट, कारण ताणलेलं निदान कुणाच्या तरी लक्षात येतं.

आता सभागृह. आमचे सगळ्यांत जास्त कार्यक्रम नासवले ते प्रतींनी नाही, एका कार्यालयाने. प्रोजेक्टर कायमचा ‘फुल’वर आणि मेनूला पासवर्ड. कारण काय, तर पडदा रिकामा दिसला की लोक तक्रार करतात. अर्ज दिला की तांत्रिक विभागाकडे जा म्हणणार, तांत्रिक विभाग म्हणणार कार्यालयाचं पत्र आणा, पत्र मागितलं की साहेब रजेवर. भाडं मात्र पूर्ण आणि आगाऊ. प्रेक्षक दीडदोन तास चपटी माणसं बघून घरी जातात आणि म्हणतात, जुने सिनेमे असलेच. हे फार लागतं.

त्यावर अर्जविनंत्या करत बसू नका. इलाज प्रोजेक्टरच्या अलीकडे आहे. ‘फुल’ असणं हा मुळात दोष नाही. प्रोजेक्टरला १६:९चाच सिग्नल मिळाला तर ताणायला काही उरतच नाही. घोळ होतो तो डीव्हीडी प्लेअरची जुनी तीन रंगांची केबल लावल्यावर. तिच्यातून जुन्या टीव्हीच्या चौकटीचा, म्हणजे ४:३चा (१.३३:१) सिग्नल जातो आणि प्रोजेक्टर तो खेचून पडदाभर करतो. म्हणून एचडीएमआय लावा, प्लेअरचं रिझोल्यूशन १०८०पी ठेवा आणि प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा प्रकार १६:९ निवडा. काही प्लेअरमध्ये १६:९चेही दोन पर्याय असतात. नावं कंपनीगणिक वेगळी, पण एकात ४:३चं चित्र ताणलं जातं आणि दुसऱ्यात बाजूला काळं सोडलं जातं. दुसरा घ्या. लॅपटॉपवरून दाखवत असाल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ए’ची कळ प्रमाण बदलते आणि ‘सी’ची कळ चित्र कापते. दोन्ही ‘डिफॉल्ट’वर आहेत ना, बघून घ्या; अंधारात बोट चुकून पडतं. प्रोजेक्टर १०२४ × ७६८चा, म्हणजे मुळातच ४:३ असेल तर हिशेब उलटा होतो. १६:९चा सिग्नल ‘फुल’ झाला की माणसं लांबोडकी दिसतात. तिथे लॅपटॉपचं रिझोल्यूशनच १०२४ × ७६८ करा.

‘सेव्हन ब्राइड्स’चा मामला जरा गुंतागुंतीचा आहे. टीव्हीने प्रेक्षक पळवले म्हणून फॉक्स कंपनीने १९५३च्या सप्टेंबरात ‘द रोब’ आणला, हा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खास भिंगाने घेतलेला रुंद चौकटीचा चित्रपट. चौकट २.५५:१, नंतर फिल्मवर प्रकाशाने वाचली जाणारी (ऑप्टिकल) आवाजाची पट्टीही घेतल्यावर २.३५:१. एमजीएम कंपनीने १९५४चा ‘सेव्हन ब्राइड्स’ सिनेमास्कोपमध्ये केला खरा, पण सगळ्या थिएटरांत ती सोय नव्हती, म्हणून तोच सिनेमा साध्या चौकटीसाठी वेगळा चित्रित करून ठेवला. त्यामुळे तुमची पडदा भरणारी प्रत दोनांपैकी एक असू शकते: ती वेगळी चित्रित केलेली आवृत्ती, किंवा सिनेमास्कोपच्या बाजू छाटलेली प्रत.

ओळखायचं कसं? कोठार उभारण्याआधीचा नाच लावा. मायकल किडने बसवलेला हा नाच अख्ख्या रुंदीवर पसरलाय: थोरला सोडून सहा भाऊ, सहा मुली आणि गावातले त्यांचे प्रतिस्पर्धी. छाटलेल्या प्रतीत फळीवर उड्या मारणारा दिसतो आणि ज्याच्याशी चुरस चाललीय तो चौकटीबाहेर असतो. मग चित्र एकदम सपाटपणे बाजूला सरकतं. खरा कॅमेरा जागेवरून सरकतो तेव्हा जवळच्या वस्तू भरभर आणि लांबच्या सावकाश सरकतात. इथे सगळं एकाच वेगाने सरकतं. ही खूण दिसली की प्रत बाजूला ठेवा. २.५५ची चौकट १६:९ करताना ३० टक्के चित्र जातं, ४:३ करताना जवळजवळ अर्धं. वेगळ्या आवृत्तीत माणसं मुळातच जवळजवळ उभी केलेली आहेत, ती बघायला वाईट नाही. पण दाखवायची तर पट्ट्यांचीच दाखवा, असं माझं ठाम मत. नाच त्या रुंदीसाठीच बसवलाय.

सिनेमास्कोपचीच आणखी एक गोष्ट. सुरुवातीच्या भिंगांत दोष होता, कॅमेरा जवळ गेला की चेहरा रुंद यायचा. ‘गालगुंड’ असं त्याला हॉलिवूडमध्येच नाव पडलं होतं. तेव्हा १९५३-५७च्या सिनेमास्कोपमध्ये क्लोजअप बघून प्रमाण ठरवू नका. दूरच्या दृश्यात बाजूने दिसणारं घोडागाडीचं चाक थांबवा आणि पडद्यावर टेप लावून आडवं-उभं मोजा. सारखं भरलं की सेटिंग बरोबर. मग चेहरे थोडे रुंद दिसले तरी हात लावू नका.

१९५३पासूनचा पण सिनेमास्कोप नसलेला सिनेमा असेल तर सरधोपट नियम नाही. ‘शेन’ १.३७साठी चित्रित झाला आणि थिएटरात १.६६ करून लागला. ‘ऑन द वॉटरफ्रंट’ची तर एक आवृत्ती तीन वेगवेगळ्या चौकटींत निघालीय. ‘वॉटरफ्रंट’सारख्या सिनेमाच्या ४:३च्या प्रतीत सहसा चित्र कापलेलं नसतं, उलट डोक्यावर फालतू जागा जास्त दिसते. असे सिनेमे दाखवताना मी १.६६ किंवा १.८५ घेतो, पण यावर जाणकारांत वाद आहेत.

झूमला एकच ठिकाणी मुभा आहे. जुन्या डीव्हीडीत रुंद चित्र ४:३च्या आतच पट्ट्यांसकट कोंबलेलं असायचं, ते आज चारही बाजूंनी काळं दिसतं. तिथे झूम करा, मूळ चित्र कापलं जात नाही. बारकावा मात्र कमीच राहणार, २.३५च्या चित्राला जेमतेम २७० ते ३२५ ओळी मिळतात.

युरोपातली डीव्हीडी आणलीत तर वेळही तपासा. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा तिथे २५ने चालवतात, म्हणून १०२ मिनिटांचा ‘सेव्हन ब्राइड्स’ ९८ मिनिटांत संपतो. मिनिटं कमी दिसली म्हणून प्रत कापलेली आहे असं नाही. मात्र गाणी किंचित वरच्या पट्टीत जातात आणि संगीतिकेला ते खटकतं. शक्यतो ब्लू-रे घ्या, पण रीजन (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते त्याची खूण) बघून. भारताचा ‘सी’, अमेरिकेचा ‘ए’.

घरगुती डिस्कवर जाहीर खेळ करायला हक्कदाराची परवानगी लागते. मी वकील नाही, तेवढं मंडळाच्या पातळीवर विचारून घ्या.

आणि पट्ट्यांबद्दल कुरकुर करणाऱ्यांसाठी: पट्टी खटकते कारण प्रोजेक्टरचं काळं खरं काळं नसतं, राखाडी असतं. काळं, न चमकणारं जाड कापड घ्या. पडदा ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच असेल तर ‘कॅसाब्लांका’साठी दोन्ही बाजूंना ११-११ इंच आणि ‘सेव्हन ब्राइड्स’साठी वर-खाली ८-८ इंच झाका. कापडाची कड चित्रावर अर्धा इंच आली तरी चालेल, राखाडी फट मात्र राहू देऊ नका.