हार्मोनचे रिपोर्ट नॉर्मल असताना एंडोमेट्रिओसिस हार्मोनवर कसा वाढतो?

तुमचा प्रश्न असा की बहिणीच्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट निघाला, डॉक्टर म्हणतात हा एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार, हार्मोनवर वाढतो, पण रक्तातले हार्मोन तर सगळे नॉर्मल आले. मग खरं कोणाचं? आणि पिशवी काढली की सुटका होते का?

मी लातूरला पॅथॉलॉजिस्ट आहे. उपचार माझ्याकडं नसतात, ऑपरेशननंतर गाठ माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली येते. त्यामुळं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते. डॉक्टरही खरे आणि रिपोर्टही खरा.

सिस्टच्या भिंतीत मला गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारख्याच ग्रंथी दिसतात. आजूबाजूला जुनं रक्त गिळून तपकिरी झालेल्या पेशी असतात. चॉकलेट म्हणतात ते हेच साकळलेलं रक्त. हे अस्तर अंडाशयावर पोचलं कसं? अमेरिकेतले डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात मांडलं की पाळीचं थोडं रक्त नळ्यांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात. आजही हेच स्पष्टीकरण सगळ्यात जास्त मानलं जातं. पण उलटं रक्त बहुतेक बायकांच्या पोटात जातं आणि आजार होतो साधारण दहातल्या एकीला. शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी इस्ट्रोजेन (अस्तर वाढवणारं स्त्रियांचं हार्मोन) दिलेल्या काही मोजक्या पुरुषांतही हा आजार सापडलाय, त्यांना कुठली पाळी? म्हणजे काही वेळा पोटाच्या पडद्यातल्या पेशीच रूप बदलत असाव्यात. आनुवंशिकतेचा वाटा जुळ्या बहिणींच्या अभ्यासात जवळपास निम्मा निघालाय आणि २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकांतल्या ४२ जागा या आजाराशी जोडल्या गेल्या. आई किंवा मावशीला पाळीत असंच दुखायचं का, हे घरात विचारून बघा.

आता हार्मोन. गर्भपिशवीच्या निरोगी अस्तरात अरोमाटेज नावाचं एन्झाइम जवळजवळ नसतं. एंडोमेट्रिओसिसच्या पेशींत ते असतं आणि त्याच्या जोरावर त्या जागच्या जागी इस्ट्रोजेन बनवतात. आमच्या लातूरच्या भाषेत सांगायचं तर नळाला पाणी येवो न येवो, यांच्या दारात स्वतःचा बोअर आहे. रक्ताची तपासणी नळाचं पाणी मोजते, बोअरचं नाही.

पुढचं जास्त त्रासदायक आहे. हे इस्ट्रोजेन प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढवतं. त्यानं सूज येते, कळा येतात. आणि तेच प्रोस्टाग्लँडिन उलट अरोमाटेजला चेतवतं, म्हणजे पुन्हा इस्ट्रोजेन. चक्र चालूच राहतं. एरवी दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन येऊन अस्तराची वाढ थांबवतं आणि इस्ट्रोजेन निकामी करणारं एन्झाइम जागं करतं. या पेशींत प्रोजेस्टेरॉनचा निरोप घेणारे रिसेप्टरच कमी असतात, त्यामुळं त्या त्याला दाद देत नाहीत. तेव्हा तेच ते हार्मोन पुन्हा पुन्हा तपासून पैसे घालवू नका.

औषधं याच चक्रावर बेतलेली आहेत. मेफेनॅमिक ॲसिडसारखी पाळीतली वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिन अडवते. डायनोजेस्ट प्रोजेस्टेरॉनच्याच घराण्यातलं आहे, रोज सलग घ्यायचं. त्यानं अंडाशयाचं इस्ट्रोजेन उतरतं आणि अनेकींची पाळी हळूहळू थांबते. इथंच घरचे घाबरतात, 'रक्त आत साठतंय' म्हणून गोळी बंद करायला लावतात. साठत काही नाही, अस्तरच पातळ झालेलं असतं. मात्र या गोळीनं आजार दबतो, मुळापासून जात नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पिशवीबद्दल जरा कडक बोलते. आजार बसलाय अंडाशयावर, पडद्यावर, कधी आतड्यावर. नुसती पिशवी काढून तो तिथून उठत नाही. आजार पिशवीच्या भिंतीतच असेल तर त्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, तिथं गोष्ट वेगळी. आणि तरुणपणी दोन्ही अंडाशयंही काढली तर हाडं आणि हृदय लवकर म्हातारी होतात. मराठवाड्यात हे सांगावंच लागतं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती जणींना खरंच गरज होती, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय.

'लग्न करा, एक बाळंतपण झालं की दुखणं जाईल' हेही कुणीतरी सांगेलच. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की केवळ उपचार म्हणून गरोदर राहायचा सल्ला देऊ नये. त्याच मार्गदर्शिकेनुसार निदानासाठी आधी पोटात दुर्बीण घालायलाच पाहिजे असंही आता राहिलेलं नाही.

सिस्ट काढायचं ठरलं तर ऑपरेशनच्या आधी एएमएच (अंडाशयात किती अंडी उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासायला सांगा, कारण सिस्टच्या भिंतीबरोबर चांगली अंडीही जातात. आणि सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगाच्या शंकेत रक्तात तपासतात तो घटक) वाढलेला आला तर लगेच कर्करोग समजून घाबरू नका, या आजारातही तो वाढतो.