सामुदायिक कंपोस्ट केंद्रावर स्वयंसेवक म्हणून नेमकं काय काम असतं?

तुम्ही विचारलंय की वस्तीतल्या कंपोस्ट केंद्रावर मदतीला जायची इच्छा आहे, पण खतातलं काही कळत नाही. तिथे काय करावं लागतं आणि वास, अळ्या सहन होतील का? मी बरीच वर्षं अशा केंद्रावर जातो, म्हणून लिहितो.

खतातलं कळत नाही याची काळजी सोडा. काम मुख्यतः निवडायचं, झाकायचं आणि वेळेवर हजर राहायचं असतं. बाकीचं जिवाणू करतात.

आधी वासाचं, कारण सगळे तेच विचारतात. नीट चाललेल्या ढिगाला घाण वास येत नाही. येत असेल तर त्याचं कारण शोधता येतं. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओला कचरा जास्त झालाय आणि नत्र (नायट्रोजन) हवेत उडून चाललंय. कुबट, सडका वास म्हणजे आत हवा पोचत नाही. दोन्हीवर उपाय एकच: सुका पालापाचोळा घालून ढीग पलटायचा. जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब (कार्बन) लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात कर्ब त्याहून कमी, वाळक्या पानांत बराच जास्त, लाकडाच्या भुशात तर कितीतरी पट. हिशेब मांडत बसू नका. एक बादली ओल्याला दोन ते तीन बादल्या पाला, एवढं पुरतं. म्हणूनच मी म्हणतो की केंद्र चालतं ते ओल्या कचऱ्यावर नाही, पाल्यावर. ओला कचरा रोज न मागता येतो. पाला मात्र पानगळीच्या दिवसांत पोती भरभरून साठवावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच कोणी फिरकत नाही. पावसात पाल्याची पोती भिजली की पुढचे दोन महिने डोकेदुखी, तेव्हा ती छपराखाली आहेत ना, हे जाता-येता बघत चला.

दुसरं मोठं काम म्हणजे बादली रिकामी होताना तिथे उभं राहणं. हे काम कमीपणाचं समजून नवे लोक फावड्याकडे धावतात. पण रबरबँड, फळांवरचे बारीक स्टिकर, दोऱ्याचे गुंडे, चहाच्या प्लास्टिक जाळीच्या पिशव्या त्या क्षणी उचलल्या तर उचलल्या. ढिगात गेल्यावर त्या थेट तयार खत चाळतानाच भेटतात, तेही तुकडे होऊन. ‘कंपोस्टेबल’ असं छापलेल्या पिशव्यांचा भरवसा धरू नका. त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या केंद्रांतल्या सलग उष्णतेसाठी बनवलेल्या असतात. आपल्या ढिगात त्यांच्या चिंध्या तशाच राहतात. मांस, दूध आणि तेलकट अन्न उंदरांना बोलावतं, म्हणून बहुतेक लहान केंद्रं ते घेत नाहीत. कुणी आणलंच तर भाषण देऊ नका. त्यांच्यासमोर शांतपणे बाजूला काढा आणि ‘हे वेगळं ठेवाल का?’ एवढंच म्हणा. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी कचरा सुधारत नाही, केंद्रावर येणंच बंद करतो.

आता ढीग. लांबी, रुंदी, उंची मीटरभर तरी हवी, नाहीतर उष्णता टिकत नाही. चांगला रचलेला ढीग दोन-तीन दिवसांत तापतो आणि आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस होतं. लांब दांड्याचा तापमापक नसेल तर लोखंडी सळई मधोमध खुपसून थोड्या वेळाने काढा. टोकाला हात नीट धरवत नसेल तर काम जोरात चाललंय. ५५ अंशांवर सलग काही दिवस राहिलं की रोगजंतू आणि तणाचं बी बहुतांशी मरतं. पण फक्त मधल्या भागातलं, म्हणून कडेचं आत आणि आतलं कडेला करावं लागतं. ७० च्या वर गेलं तर कामाचे जिवाणूही मरू लागतात, तेव्हाही पलटा. ओलावा बघायला मूठभर माल दाबायचा: पिळलेल्या फडक्याइतका ओलसर लागावा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार आली तर पाला घाला.

थर रचून पलटण्याची ही रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत बसवली आणि १९३१ साली छापून मांडली. आजही जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. कुणी ‘हे परदेशी खूळ’ म्हणालं तर सांगायला बरं पडतं.

पलटताना आत राखाडी-पांढरी भुकटी दिसेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, माल जळला. ते ॲक्टिनोमायसिटीज नावाचे जिवाणू असतात, टणक तंतू कुजवण्यात पटाईत. ओल्या मातीचा वास येतो तोही त्यांच्यामुळेच. कोरडं पडल्यावरही भुकटी वाढते, म्हणून ओलावा तेवढा तपासा. अळ्या दिसल्या तर किंचाळायचं कारण नाही. चपट्या, मळकट रंगाच्या, जाडसर असतील तर त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या. ती माशी चावत नाही आणि घरात फारशी येत नाही. चिलटं झाली तर वर हातभर पाला पसरा, बस.

थोडं तब्येतीचं. हातमोजे घाला, कारण कचऱ्यात काच निघते, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. कोरडा ढीग पलटताना बुरशीचे बीजाणू उडतात, त्यामुळे आधी पाणी शिंपडा आणि मास्क लावा. दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर पलटण्याचं काम दुसऱ्याला द्या. बादल्यांशी उभं राहणं, नोंद ठेवणं, पाला गोळा करणं यात कमीपणा काही नाही.

खत तयार व्हायला साधारण तीन ते सहा महिने धरा. वाटपाची घाई लोकांना फार असते, तिथे मात्र अडून बसा. कच्चं खत मातीतलं नत्र स्वतःच खातं आणि रोप पिवळं पडतं. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून काही दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून मुरायचंय.

जायच्या आधी तिथल्या लोकांना पाला कुठून येतो आणि ढीग कोण पलटतं, एवढं विचारा. आणि महिन्यातून एकदा मोठ्या श्रमदानाला जाण्यापेक्षा आठवड्यातला एक ठरलेला तास मागून घ्या. मंगळवारी सकाळी कोण येणार हे नक्की असेल तर सोमवारच्या बादल्या तशाच पडून राहत नाहीत.