नायट्रेट 80 वरच अडकलंय? आधी आठवड्याला किती वाढतंय ते बघा

तुम्ही लिहिलंय की तुमच्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकमधे दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलूनही नायट्रेट (माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात साठणारं द्रव्य) 80 पीपीएमच्या (दहा लाखात 80 भाग) खाली येत नाही आणि कोरल्सही उघडत नाहीयेत. समजा मासे आणि फीडिंग मिळून तुमच्या टँकमधे आठवड्याला 8 पीपीएम वाढतंय, आणि 80 चे 10 टक्के म्हणजे पण 8च, म्हणजे जेवढं काढताय तेवढं परत भरतंय, असं वर्षभर केलं तरी आकडा तिथेच राहणार. हेच 25 टक्के बदललंत तर हळूहळू पाणी बदलायच्या आधी 32 आणि बदलल्यावर 24 वर येऊन थांबेल.

म्हणून आधी पाणी न बदलता सात दिवसांच्या अंतराने दोन टेस्ट करा. किटमधली रीएजंटची बाटली सांगितलीय तेवढा वेळ जोरात हलवायचीच, तळाशी पावडर बसून राहिली की रीडिंग खोटं कमी येतं. आणि किट नायट्रेट दाखवतंय की नायट्रेट-नायट्रोजन ते बघा, दुसरं असेल तर 4.4 ने गुणावं लागतं. नवीन मिक्स केलेलं मिठाचं पाणीही टेस्ट करा, नळाचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ फिल्टरचा मेंब्रेन किंवा त्यानंतरचं डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे) संपलं असेल तर नायट्रेट तिथूनच येतं, हे बरेच जण बघतच नाहीत.

मग घाण. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दोन-तीन दिवसांनी धुवा, संपच्या (टँकखालची फिल्टरची टाकी) तळातला गाळ सायफन करा, फ्रोझन फूड गाळून त्याचं पाणी टाकून द्या. जागा असेल तर संपमधे लाईट लावून चेटो (नायट्रेट खाऊन वाढणारं समुद्री शेवाळ) वाढवा, तो वाढेल तसा काढत राहायचा, नाहीतर नायट्रेट टँकच्या बाहेर जातच नाही.

व्हिनेगर किंवा व्होडका डोसिंग लगेच नको. त्यात नायट्रेट शोषणारे बॅक्टेरिया वाढतात आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) त्यांना बाहेर काढतो, म्हणजे चांगला स्किमर हवाच, शिवाय त्यांना फॉस्फेटही लागतं, फॉस्फेट शून्य असेल तर नायट्रेट हलणार नाही. डोस जास्त झाला तर पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन कमी पडतो आणि मासे जातात, याची मला खरंच भीती वाटते.

कोरल्स आहेत तर 2 ते 10 पीपीएम पुरे, शून्याच्या मागे लागू नका, कोरल्स फिके पडतात आणि डायनोज (तपकिरी चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) येतात. मी एकदा एका आठवड्यात खूप खाली आणलं होतं, तेव्हा ॲक्रोपोरा या नाजूक कोरलची टिश्यू बुडापासून गळायला लागली, म्हणून दीड-दोन महिने घ्या.

दोन्ही रीडिंग, फॉस्फेट आणि मासे किती ते कळवा, मग डोसिंग लागतंय का ते ठरवू.