ट्रिलियमला खत नको, त्याची तीन पानं राहू द्या

प्रश्न: टोरंटोजवळ राहतो. मागच्या अंगणात मेपलच्या सावलीत पांढरा ट्रिलियम (तीन पाकळ्यांचं रानफूल) लावलाय. गेल्या वर्षी फूल आलं, ते महादेवाला वाहिलं. यंदा नुसती तीन बारकी पानं. कोणतं खत घालू?

कोणतंच नाही. ट्रिलियमचं फूल देठातून खुडलं की बहुतेकदा लगेच खालची तीन पानंही हातात येतात. वर्षभराची पानं तेवढीच, पुन्हा फुटत नाहीत. जमिनीतला गड्डा त्यांच्यावरच जगतो आणि पुढच्या वर्षीची कळीही आदल्या उन्हाळ्यातच धरतो. तुमच्या गड्ड्याची उपासमार झाली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पानं आपण होऊन पिवळी पडेपर्यंत हात लावू नका. सावरायला काही वर्षं लागू शकतात.

मेपल कोणता आहे ते बघा. शुगर मेपल असेल तर उत्तम. नॉर्वे मेपलची उथळ मुळं मात्र सगळं पाणी ओढतात. तसं असेल तर सप्टेंबरमध्ये गड्डा हलवा: मुळं न तोडता, कोंब वर ठेवून, 8 ते 10 सें.मी. खोल. माती भुसभुशीत, पाणी न साचणारी हवी. वर चुरलेल्या पानांचा 5 सें.मी. थर द्या आणि जमीन गोठेपर्यंत पाऊस नसेल त्या आठवड्यात एकदा पाणी.

गांडूळखत तर नकोच. आपल्याकडे गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, पण हिमयुगात हिमनद्यांखाली गेलेल्या या भागात मूळची गांडुळं नाहीत. आज आहेत ती बाहेरून आलेली, आणि ज्या पाचोळ्याच्या थरात ट्रिलियम वाढतो तोच ती संपवतात. खतातून त्यांची अंडी येतात.

बियांपासून करायचं तर उन्हाळ्याअखेर बोंड मऊ पडताच बी काढून ओलं असतानाच पेरा. वाळलं की रुसतं. पहिल्या वसंतात जमिनीखाली फक्त मूळ, दुसऱ्या वसंतात पहिलं पान, फुलाला 7 ते 10 वर्षं. जंगलात बियांवरच्या तेलकट गराच्या लोभानं मुंग्या त्या वाहून नेतात.

एवढ्या वर्षांनी आलेलं फूल बेलासारखं त्रिदळ दिसतं म्हणून खुडायचं, यावर माझं इथल्या आपल्या माणसांशी नेहमी वाजतं. बेलाच्या झाडावर हजारो पानं असतात. दहा-वीस गेली तर त्याला कळतही नाही. याची सगळी मिळकत तीन पानांची. 1937 पासून हे ऑन्टॅरिओ प्रांताचं मानाचं फूल आहे. पूजेला लायलॅक घ्या, तोही मेमध्येच फुलतो आणि छाटला तर बिघडत नाही.

राहिलं एक. हरणं येत असतील तर जाळी लावा, ती शेंड्यासकट खातात. पाकळ्यांवर हिरवे पट्टे दिसले तर तो रोग आहे, गड्डा उपटून टाका. आणि नवं रोप घेताना ते रोपवाटिकेत वाढवलेलं आहे की जंगलातून उकरलेलं, हे विचारूनच घ्या.